आवाज चांगला आहे तुमचा

तोक्योच्या फुनाबोरी भागातल्या मराठी बायकांचे जयंतीने दोन वर्ग केले होते. एकीला बोलता येत नाही आणि दुसरीला गप्प बसता येत नाही. तिसरा वर्ग तिचा स्वतःचा, आणि त्यात ती एकटीच होती.

तिला तसं वाटायला थोडं कारणही होतं. लग्नाआधी आणि लग्नानंतरही काही वर्षं ती सांगली आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होती. मुलांच्या कार्यक्रमात गोष्टी वाचायची. आवाज भरदार, 'श' आणि 'ष' वेगळे ऐकू येणारे, वाक्य संपताना श्वास कधी तुटायचा नाही. बाजारात भाजी घेताना तिने तोंड उघडलं की भाजीवाला मान वर करून बघायचा. पुढे नवरा प्रसन्न पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, आणि २००५ साली कंपनीने त्याला तोक्योतल्या एका बँकेच्या कामावर पाठवलं. तेव्हा असे पुष्कळ येत होते. निशी-कासाई भरली, मग शेजारच्या फुनाबोरीत बिऱ्हाडं पडू लागली. जयंती तिथल्या एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर राहायला आली आणि त्या आवाजाला काम उरलं नाही. दिवसभरात ती मोठ्याने काय बोलायची, तर सुपरमार्केटमध्ये कुणाच्या ट्रॉलीला धक्का लागला की माफीचं 'सुमिमासेन'. तेही ती इतक्या शुद्ध आणि घुमारदार आवाजात म्हणायची की समोरची बाई दचकून दोनदा वाकायची.

मुलगी अबोली चार वर्षांची. होइकुएनमध्ये, म्हणजे तिथल्या बालवाडीत, सकाळी जायची ती संध्याकाळी जपानी होऊन परत यायची. आईने मराठीत विचारलं की जपानीत उत्तर. जयंतीला हे खुपत होतं. आपल्या पोटची पोर, आणि तिला 'ळ' म्हणता येऊ नये? तिने ठरवलं, रोज संध्याकाळी मोठ्याने वाचायचं. वाचता वाचता मराठी कानावर पडेल, अक्षरं नजरेखालून जातील, आणि पोर आपोआप वाचू लागेल.

ती वाचायची ते ऐकण्यासारखं होतं, यात शंका नाही. राजपुत्राचा घोडा दौडताना तिचा आवाज दौडायचा. राक्षसीण बोलू लागली की शेजारच्या फ्लॅटमधल्या म्हाताऱ्याचा टीव्ही बारीक व्हायचा. पण पहिलं पान संपायच्या आत अबोली सोफ्यावरून घसरलेली असायची. दुसऱ्या पानाला ती खेळण्यांत, तिसऱ्याला स्वयंपाकघरात. जयंती वर न बघता वाचत राहायची, कारण स्टुडिओत तिला तशीच सवय लागली होती. रेडिओवर ऐकणारा उठून गेला तरी निवेदिकेला दिसत नाही. इतकी वर्षं ती वाचत आली, पण समोर बसलेल्या माणसाला तिने कधी वाचून दाखवलं नव्हतं. ही गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. पुस्तक मिटून तिने मान वर केली की खोली रिकामी असायची, आणि तिला वाटायचं, या देशात मुलांना ऐकायची शिस्तच लावत नाहीत.

त्या सुमारास विद्याचा रविवारचा वर्ग जोरात होता. विद्या मूळची डोंबिवलीची, वयाने जयंतीपेक्षा लहान, चटपटीत, आणि घरात लॅमिनेशनचं यंत्र बाळगणारी. जे हाताला लागेल ते ती लॅमिनेट करायची. मुळाक्षरांची रंगीत कार्डं, बाराखडीचा तक्ता, 'शाबास' लिहिलेले तारे. पंधरा-वीस मुलं जमिनीवर बसवायची, कार्ड वर धरायची आणि पोरं ओरडायची, "अ अननसाचा! आ आगगाडीचा!" इमारतीच्या व्यवस्थापकाने दोनदा चिठ्ठी लावली होती. तीन महिन्यांत मूल वाचू लागतं, असं विद्या आयांना सांगायची आणि आयांना ते फार आवडायचं. त्यांना मुलाला मराठी यायला हवी होती, पण पुढची बदली होण्याच्या आत यायला हवी होती.

जयंतीने अबोलीला दोन रविवार तिथे पाठवलं. दुसऱ्या रविवारी स्वतः दारात उभी राहून ऐकलं. विद्याने 'ज्ञ' चं कार्ड धरलं आणि पोरं ओरडली, "ज्ञ ज्ञानेश्वरचा!" एकाही मुलाच्या चेहऱ्यावर ज्ञानेश्वर कोण याचा पत्ता नव्हता. मग विद्याच्या हातून कार्डांची चळत खाली पडली, ती गोळा करताना क्रम बदलला, आणि निम्मी मुलं चुकली. त्यांना कार्डांचा क्रम पाठ होता, अक्षर ओळखू येत नव्हतं. घरी येऊन जयंती प्रसन्नला म्हणाली, पोपटसुद्धा पेरू बघून बोलतो, त्याला कुणी साक्षर म्हणत नाही. अबोलीचं नाव तिने काढून घेतलं. हे पोपटाचं वाक्य दोन दिवसांत विद्याच्या कानावर गेलं. फुनाबोरीत बातमीला स्टेशन ओलांडायला वेळ लागत नसे.

होइकुएनच्या शिक्षिकेने एकदा सुचवलं की जवळच्या ग्रंथालयात बुधवारी दुपारी लहान मुलांसाठी गोष्टी वाचतात, अबोलीला न्या. जयंती गेली ती परीक्षक म्हणून. मोरिता-सान नावाची सत्तरीची बाई एका बुटक्या स्टुलावर बसली होती. करड्या रंगाचा स्वेटर, करडे केस आणि जयंतीच्या मते करडाच आवाज. तिने पुस्तक छातीशी धरून पानं मुलांकडे केली आणि वाचायला लागली. ना चढ ना उतार. लांडगा त्याच आवाजात, कोकरू त्याच आवाजात. आवाज चाचणीला ही बाई आली असती तर पहिल्या परिच्छेदाला तिला चहा देऊन परत पाठवलं असतं, असं जयंतीच्या मनात आलं.

मुलं मात्र तोंडं उघडी टाकून बसली होती. अबोली त्यांत. पान उलटायच्या आधी मोरिता-सान थांबायची, मुलांकडे बघायची, एखादं चित्रात बोट खुपसून काही म्हणालं तर ते ऐकून घ्यायची, मग पान उलटायची. पुस्तक संपलं तशी अबोली गुडघ्यांवर उभी राहिली आणि म्हणाली, "मो इक्काई." पुन्हा एकदा. आणि त्या बाईने कसलाही त्रास न मानता तेच पुस्तक, त्याच सपाट आवाजात, पहिल्यापासून वाचलं.

जयंतीने त्याचा अर्थ लावला तो असा, की श्रोत्यांची अभिरुचीच बेताची. आंब्याची चव न घेतलेल्याला गाजर गोड लागायचंच.

मार्चअखेरीस पाडव्याचा कार्यक्रम होता. मराठी मंडळींचं सगळं बघायचे नरेंद्र, एका विमा कंपनीच्या संगणक विभागातले गृहस्थ. सूत्रसंचालन जयंतीने करावं अशी त्यांनी विनंती केली. ती तिने एकदा नाही म्हणून मग मान्य केली. गाणी झाली, लेझीम झाली, आणि मग विद्याच्या वर्गाचा खास भाग आला. विद्याचा मुलगा अद्वैत, पाच वर्षांचा, मराठी पुस्तक वाचून दाखवणार होता. तीन महिन्यांची फलश्रुती. अद्वैतला नेहरू शर्ट घातला होता आणि कपाळाला गंध लावलं होतं. माइक एकच होता, म्हणून जयंतीने त्याच्या तोंडाशी माइक धरला आणि दुसऱ्या हाताने पुस्तक.

मुलगा खणखणीत वाचू लागला. कोल्हा रानात गेला, कोल्ह्याला भूक लागली. पहिल्या दोन पानांतच जयंतीच्या लक्षात आलं की त्याची नजर पुस्तकावर नाही. तो समोर भिंतीशी उभ्या असलेल्या आईच्या ओठांकडे बघत होता आणि विद्याचे ओठ हलत होते. जयंतीला आतून गुदगुल्या झाल्या. तिने अंगठा सरकवला आणि एकदम दोन पानं उलटली. पानावर नदी होती आणि नदीत होडी. अद्वैत म्हणत होता, "कोल्ह्याने वर बघितलं, वर द्राक्षं होती."

तिथे ती थांबली असती तरी चाललं असतं. पण माइक हातात होता, सभागृह भरलेलं होतं आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज लोकांपर्यंत पोचत होता. तिने माइक स्वतःकडे वळवला आणि आपल्या अत्यंत गोड, मुलांच्या कार्यक्रमातल्या आवाजात विचारलं, "अद्वैत, आणि ही होडी कुठे निघाली रे?" आणि माइक पुन्हा त्याच्यापुढे धरला.

लोक हसले. अद्वैतने पहिल्यांदा पानाकडे पाहिलं. मग आईकडे. विद्याचे ओठ थांबले होते. मुलाने पुस्तक दोन्ही हातांनी मिटलं आणि माइकमध्ये अगदी साधेपणाने जपानीत म्हणाला, "मादा योमेनाइ."

अजून वाचता येत नाही. होइकुएनमध्ये मुलं तसं रोज म्हणतात, त्यात लाज नसते. पण ते ऐकून सभागृहातलं हसू मावळलं, आणि मग त्या शांततेमुळे मुलाला कळलं की काहीतरी वाईट झालंय. त्याचा खालचा ओठ बाहेर आला. विद्या पुढे आली, त्याला उचललं आणि जयंतीकडे न बघता बाहेर निघून गेली. जयंतीने पुढच्या समूहगीताची घोषणा केली. श्वास तुटला नाही.

घरी जाताना ती खुशीत होती. चालत चालत ती प्रसन्नला सांगत होती की आज दूध का दूध झालं, लॅमिनेट केलेलं सगळं उघडं पडलं. प्रसन्न फारसा बोलणारा माणूस नव्हे. घराचं दार उघडताना तो म्हणाला, "पाच वर्षांचं पोर होतं ते, जयंती. तू पाडलंस कुणाला?"

ती म्हणाली की पाडलं विद्याला, पोर मधे आलं. प्रसन्न बूट काढून आत गेला. जयंतीने मनात त्याचीही गणती आवाज न समजणाऱ्यांत केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कपडे वाळत घालून आत आली तर अबोलीने बाहुल्या, अस्वल आणि एक प्लॅस्टिकचा ट्रक ओळीने बसवला होता. ती उशीवर बसून वाचत होती. वाचता येत नव्हतंच, पण पुस्तक छातीशी, पानं बाहुल्यांकडे, आणि सावकाश जपानीतून काहीबाही. मधेच थांबायची, अस्वलाकडे बघायची, मान डोलवायची, मग पान उलटायची. ती मोरिता-सान झाली होती. जयंती दाराशी उभी राहून हसली.

मग अबोली बाहुल्यांना म्हणाली, आता मम्मी. ती उठली, सोफ्यावर जाऊन ताठ बसली, आणि पुस्तक फिरवून स्वतःच्या तोंडासमोर धरलं. इतकं जवळ की चेहरा दिसेना. पुस्तकामागून मोठा, चढणारा, उतरणारा, अर्थ नसलेला आवाज येऊ लागला. भराभर पानं उलटली जात होती. वाचता वाचता तिने पायाने एक बाहुली पाडली, ती तशीच पडून राहिली. एकदा पुस्तकाआडून ओरडली, "नीट बस!" मराठीत. मग पुस्तक मिटून ठेवलं आणि बाहुल्यांकडे ढुंकूनही न बघता पाणी प्यायला निघून गेली.

जयंती खोलीत आली. बाहुली उचलून ओळीत बसवली. संध्याकाळी वाचायची वेळ झाली तेव्हा पहिल्यांदाच तिला कुठून सुरुवात करावी हे सुचेना.

त्या बुधवारी ती ग्रंथालयात जाऊन मागे बसली. मोरिता-सानच्या आवाजाबद्दल तिचं मत बदललं नाही, ते शेवटपर्यंत बदललं नाही. पण यावेळी ती आवाज सोडून बाकीचं बघत होती. बाई पान उलटण्याआधी कुणाकडे बघते, किती थांबते, पुस्तकाचं नाव वाचताना एकेका अक्षराखालून बोट कसं नेते. अक्षर शिकवत नव्हती, नुसतं बोट जात होतं. घरी आल्यावर तिने राजपुत्र कपाटात ठेवले. अबोलीला म्हणाली, तू काढ पुस्तक.

अबोलीने नेमकं सगळ्यात फालतू काढलं. निघताना नणंदेने पेटीत कोंबलेलं, मासिकासारख्या पातळ कागदाचं, एक बेडूक आणि एक विहीर. बेडूक कठड्यावर बसलेला असतो. कोंबडी म्हणते, मार उडी. बेडूक म्हणतो, आज नको. शेळी येते, रेडकू येतं, प्रत्येकाला तो म्हणतो, आज नको. शेवटी माशी नाकावर बसते, बेडकाला शिंक येते, आणि अख्ख्या पानावर एकच शब्द: धप्प! जयंतीच्या मते यात ना भाषा ना कथानक. तिने पुस्तक मांडीवर पसरलं, अबोलीला कुशीत घेतलं, आणि आवाज निम्म्याने कमी केला. ते तिला जड गेलं. रियाज केलेल्या गवयाला गुणगुणायला सांगावं तसं.

"मो इक्काई," अबोली म्हणाली.

मग तो बेडूक त्या घरात महिनाभर विहिरीत पडत होता. प्रसन्न ऑफिसातून येऊन टाय सोडता सोडता म्हणायचा, आज नको. अबोली शेवटच्या पानाआधी श्वास रोखून धरायची, त्या शब्दावर तळहात आपटायची आणि मराठीत ओरडायची. जयंती शब्दाखालून बोट न्यायची, आणखी काही करायची नाही. करावंसं फार वाटायचं, पण जीभ आवरायची.

एका शनिवारी ती निशी-कासाईच्या भारतीय दुकानात डाळ घ्यायला गेली होती. दुकान म्हणजे एक अरुंद बोळ, दोन्ही बाजूंनी छतापर्यंत पाकिटं. अबोली खालच्या फळीशी उकिडवी बसली होती. तिने आईचा कुर्ता ओढला आणि दूध पावडरीच्या पाकिटावर बोट टेकवलं.

"आई, हे धप्प."

जयंतीला कळेना. पाकिटावर बेडूक नव्हता, गाय होती. मग तिने बोट कुठे आहे ते पाहिलं. 'दूध' मधल्या 'ध' वर होतं. अबोलीने दुसऱ्या पाकिटांवर शोध सुरू केला. धने, उडीद धुली, जिथे सापडेल तिथे बोट ठेवून, "हे पण धप्प." मागे रांग लागली होती. जयंती त्या बोळात तशीच उकिडवी बसली आणि लेकीच्या मागोमाग एकेक पाकीट बघत गेली. डाळ घ्यायची राहिली.

तिला वाटलं होतं की आता आपल्याला विजयाचा आनंद होईल. झाला तो थोडाच वेळ. परत येताना गाडीत तिच्या डोळ्यांसमोर गंध लावलेला एक मुलगा येत राहिला. तिच्या कानावर आलं होतं की अद्वैत त्या दिवसापासून मराठी पुस्तकाला हात लावत नाही, आई कार्ड काढू लागली की टेबलाखाली जाऊन बसतो. ऐकलं तेव्हा जयंती म्हणाली होती, शहाणा आहे मुलगा. आता तिला ते वाक्य आठवलं आणि अबोलीची टोपी ती उगीचच नीट करत बसली.

विद्याकडे जावं की नाही या विचारात उन्हाळा गेला. मग कळलं की विद्याच्या नवऱ्याची ओसाकाला बदली झाली आहे. निघायच्या आदल्या रविवारी जयंती बेडकाचं पुस्तक पिशवीत घालून तिच्याकडे गेली. विद्याने दार उघडलं. मागे खोकी रचलेली होती, हातात चिकटपट्टी होती.

जयंती म्हणाली की पाडव्याला तिचं चुकलं, मुलाला असं करायला नको होतं. हे वाक्य तिने जिन्यात तीनचार वेळा म्हणून पाहिलं होतं, तरी अडखळली.

विद्याने शांतपणे ऐकून घेतलं. "जयंतीताई, आवाज चांगला आहे तुमचा," ती म्हणाली. "घरात वापरत जा."

पण दार तिने लावलं नाही. जयंती आत आली आणि कुणी बस न म्हणता खोक्यांमधल्या मोकळ्या जागेत जमिनीवर बसली. अद्वैत जेवणाच्या टेबलाखाली मोटार घेऊन पालथा पडला होता. तिला बघून आणखी आत सरकला. जयंतीने पुस्तक उघडून त्याच्या दिशेने धरलं आणि पहिलं पान वाचलं. हळू, सपाट. मग थांबली. तो बघत नव्हता. विद्या पाठ करून खोक्याला पट्टी लावत होती, फर्रर्र आवाज येत होता. जयंतीचा हात दुखू लागला. एरवी तिने कधीच पान उलटलं असतं.

टेबलाखालून मोटारीचं चाक फिरायचं थांबलं. "त्सुगी," अद्वैत म्हणाला. पुढचं.

तिने पान उलटलं. शेळी आली. ती वाचून थांबली, आणि पुन्हा बराच वेळ गेल्यावर खालून आलं, त्सुगी. तो बाहेर आला नाही, धप्पला ओरडलाही नाही. शेवटच्या पानानंतर नुसती मोटार पुन्हा चालू लागली. जयंतीने पुस्तक टेबलाच्या पायाशी ठेवलं. विद्याने चहा विचारला नाही, आणि जयंतीला ते वावगं वाटलं नाही. ओसाकाहून विद्याचा कधी फोन आला नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं हे तिला कळलं नाही.

नंतर नरेंद्रांच्या आग्रहाने जयंती शनिवारी आपल्या घरी मुलांना वाचून दाखवू लागली. आया पहिल्यांदा हौसेने आल्या. मग कुजबुज सुरू झाली की इथे अक्षरं शिकवतच नाहीत, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचतात, आमचं मूल सहा आठवडे झाले तरी 'क' काढत नाही. मुलं पाचावर आली, मग तिनावर. एक आई, पुण्याहून नुकतीच आलेली, सगळ्यांसमोर म्हणाली की नुसत्या गोष्टी तर मी घरीही वाचू शकते. जयंतीने विचारलं, वाचता का? पुढच्या शनिवारी ती बाई आली नाही.

रात्री जेवताना प्रसन्नने विचारलं, आणखी एक गळाली का?

"गेली ते बरं झालं," जयंती म्हणाली. "अख्खा तास फोनमध्ये तोंड खुपसून बसायची. पान उलटलं तरी पत्ता नसायचा." भात कालवता कालवता ती जराशी थांबली. "तिची मुलगी मात्र राहायला हवी होती."